आवाज फाटलेलाच हवा

रत्नागिरी,
१८ जानेवारी २०२५

ती. आप्पांना,
सविनय जय भीम.

पाकीट बघून घाबरू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तिचा आवाज होता तसाच आहे, अख्ख्या वाडीला ऐकू जाणारा. तुम्ही तिकडे नालासोपाऱ्यात बसून म्हणाल, या पोरीला मोबाईलच्या काळात पत्र लिहायचं कुठून सुचलं. तर ऐका. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, आणि कानातलं मशीन तुम्ही कपाटात ठेवून दिलंय हे धम्मदीपदादाने मला सांगितलं आहे. (त्याच्यावर ओरडू नका, मीच खोदून विचारलं.) व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर ते आधी दादा वाचतो, मग वहिनी वाचते, आणि तुमच्यापर्यंत "दर्शना बरी आहे" एवढंच पोचतं. म्हणून हे पाकीट. यातलं सगळं तुमचं तुम्ही वाचा, चष्मा लावून. नंबर वाढला असेल तर कळवा, दुकान आपलंच आहे. म्हणजे मालक दुसरे आहेत, पण डोळे मीच तपासते.

आता मुद्दा. मी इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे. वापरलेली, पण तारा नव्या. लोक विचारतात, गिटार कोणाकडे शिकलीस? मी सांगते, माझ्या थोरल्या काकांकडे, ते वाडीच्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. मग लोक हसतात. त्यांना काय ठाऊक, लहानपणी तुमच्या डाव्या हाताला बसून बेंजोची बटणं बघत बघत मी सगळी सुरावट पाठ केली ते. गिटारवर फक्त जागा शोधायच्या होत्या. सूर तर घरचेच होते.

तर, या गिटारला एक पेडल लागतं. गिटार आणि अ‍ॅम्प्ली यांच्या मधे, पायापाशी ठेवायचा लोखंडी डबा. पायाने दाबला की आवाज फाटतो. हो, मुद्दाम फाटतो. सगळी दुनिया आवाज फाटू नये म्हणून धडपडते, आणि मी तो नीट कसा फाटेल ते शोधत फिरते आहे. आईला हे सांगितलं तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

ही पेडलं महाग असतात. मला परवडणारी जी आहेत त्यातली दोन मी महिनाभर घासूनपुसून वाजवली. दुकानात गिऱ्हाईकाला कशी काच बदलून विचारते, "हे बरं की हे?", अगदी तसंच. एक नारिंगी आणि एक काळं. नारिंगी विनीतचं. विनीत गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी पाहुण्यांसमोर गातो. तोंड वाकडं करू नका, मित्र आहे, आणि त्याची लग्नाची पत्रिकाही छापून आली आहे, दुसऱ्या मुलीबरोबरची.

नारिंगीवर तीन बटणं. एक आवाज किती ते ठरवतं, एक धार किती ते, आणि एक फाटणं किती ते. तिसरं थोडंसं फिरवलं तर आवाजाला छान खरखर येते. पण ती शहाण्या मुलासारखी शिस्तीत येते. अजून फिरवलं तर सूर बारीक होत जातो, शेवटी कानाशी डास गुणगुणल्यासारखा. वाईट नाही. कोणालाही चालेल असं पेडल आहे, आणि माझी तक्रार तीच आहे.

काळं मी ऑनलाइन मागवलं. बापरे! खोलीत लावलं तर घरमालकीण जिना चढून वर आली. जाडजूड, भरलेला, छातीवर बसणारा आवाज. दोन दिवस मी हवेत होते. मग विनीतने ढोलकीची रेकॉर्ड लावली आणि म्हणाला, आता वाजव. काय सांगू आप्पा, ढोलकी सुरू झाली आणि माझा वाघ कुठे गेला कळेना. एकटं असताना डरकाळी, चारचौघांत म्यांव. शिवाय हात थांबला की ते नुसतं सूंऽऽ करत राहतं, शिट्टी व्हायच्या आधीचा कुकर असतो तसं. परत पाठवून दिलं.

माझ्या डोक्यात एक आवाज बसला आहे आणि तो यातल्या कशातच नाही. तो खडबडीत आहे, पण सूर झाकत नाही. तो तुमच्या बेंजोचा आहे. मला आठवतं, कार्यक्रम रंगला की तुमचा बेंजो बदलायचा, त्याला काहीतरी व्हायचं. बटणं तीच, बोटं तीच, आणि आवाज मात्र असा की बाया डोक्यावरचा पदर सोडून टाळ्या वाजवायच्या. ते कसं व्हायचं? मला लिहून कळवा. कार्डावर लिहिलंत तरी चालेल.

कमळाकाकू यंदा जयंतीला गायचं म्हणते आहे. तिच्या मागे वाजवायला मला विचारलंय. गेल्या वर्षीनंतर पार्टी बसलीच नव्हती, तुम्हाला माहीतच आहे. असो. तो विषय आता नको.

तब्येतीला जपा. वहिनीला सांगा, तिखट कमी घालत जा.

तुमची,
दर्शना


मु. वाडी, ता. लांजा,
९ मार्च २०२५

ती. आप्पांना,
सविनय जय भीम.

तुमचं कार्ड पोचलं. मी एवढं तीन पानी पाकीट पाठवलं आणि तुम्ही कार्डाची एक बाजूसुद्धा भरली नाहीत. पण त्या इवल्याशा मजकुरात माझं काम झालं. तुम्ही लिहिलंय, "अ‍ॅम्प्ली जुनी होती, स्पीकरचा पडदा एका कडेला फाटलेला. वाडीत लाईट टिकायची नाही म्हणून जीपची बॅटरी लावायचो. ती उतरत आली की आवाजाला खर यायची. त्यात माझं कर्तृत्व काही नाही." वाचलं आणि मी दुकानातच ओरडले. एक आजोबा अक्षरांचा तक्ता वाचत होते, ते दचकून वरच्या ओळीवर गेले.

त्याखाली तुम्ही जे लिहिलंय त्याकडे मी शेवटी येते. आधी चांगली बातमी.

पेडल मिळालं!

विनीतने शोधून दिलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी विकत होता, परीक्षा डोक्यावर आली म्हणून. दापोलीला रेल्वे नाही, मग एसटी. गिटार मांडीवर घेऊन बसले तर कंडक्टर म्हणतो, "हिचं अर्धं तिकीट काढू की पूर्ण?" मी म्हटलं, ती अजून पाच वर्षांची नाही झाली. वळणावळणांवर तिला कुशीत धरून अंग आंबलं माझं.

पोचल्यावर प्रश्न आला, वाजवून बघायचं कुठे? कॉलेजच्या बाहेर चहाची टपरी होती. तिथे ज्यूसच्या मिक्सरचा प्लग काढून आम्ही त्या विद्यार्थ्याची छोटी अ‍ॅम्प्ली जोडली. पेडल जांभळं, रंगाचे टवके उडालेलं, फक्त दोन बटणं. पाय ठेवला आणि एक तार छेडली. टपरीवाला बशी टाकून धावत आला, "ओ ताई, बंद करा, बंद करा, माझा मिक्सर जळला!" त्याला समजवायला पाच मिनिटं गेली की मिक्सर बाजूला आहे, हा गिटारचा आवाज आहे. तो म्हणाला, "मग गिटार बिघडलेली आहे." तेव्हाच मी ठरवलं, हेच घ्यायचं.

या जातीच्या पेडलला फझ म्हणतात. नारिंगी आवाजाला कानस मारतं, काळं त्याच्यावर रंगाचे थर देतं, आणि हे जांभळं सरळ मधोमध फाडतं. पण फाडल्यावर आतला सूर दिसतो, झाकला जात नाही. ढोलकी लावून बघितलं, जागचं हललं नाही. तरी नवा सेल घातला की जरा जास्तच किंचाळायचं. म्हणून तुमच्या कार्डाप्रमाणे केलं. विनीतकडे एक चौकोनी सेल मरायला टेकलेला होता. तो मागून घेतला आणि घातला.

आप्पा, मी गेल्या रविवारीही इथे घरी आले होते. दुपारची वेळ, आई मागे भांडी घासत होती. मी पडवीत बसून पाण्याच्या गाण्याची सुरुवात वाजवली. तुमचीच चाल, महाडच्या तळ्याची, ती आधी बेंजो एकटा बोलतो ना, ती. चार ओळी झाल्या असतील. समोरून कमळाकाकू आली. धावत आली, हाताला तांदळाचं पीठ तसंच. पायरीवर उभी राहून आत बघायला लागली, माझ्याकडे नाही, माझ्या मागे. आणि म्हणाली, "रामजीभावजी आले काय गो?"

तिला वाटलं, तुम्हीच आलात. मी गिटार दाखवली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पायरीवर बसली, पिठाच्या हातानेच डोळे पुसले आणि म्हणाली, "परत वाजव बाय." मी परत वाजवलं. तिने गाणं धरलं. आई भांडी टाकून आली. मग काकूच्या सुना आल्या, शेजारची सानवी आली, तिने तिथेच पिंपावर ठेका धरला. आता ती आमची ढोलकीवाली आहे. हसू नका, पोरीचा हात जबरदस्त आहे.

म्हणजे पेडलांची स्पर्धा संपली. पंच कमळाकाकू. नारिंगीला दुसरा नंबर, काळ्याला उत्तेजनार्थ.

आता तुमच्या कार्डाखालचं.

तुम्ही लिहिता, "जयंतीला माझं नाव घेऊ नये. गेल्या वर्षी बोटांनी दगा दिला. वाडीसमोर चुकलो. आता पुरे."

हे मी उभ्याने वाचलं आणि मग स्टुलावर बसले. मला राग आला, तुमचाच. आपण सगळेच वर्षभर गेल्या जयंतीबद्दल एक अक्षर बोललो नाही. मला वाटलं, तुमच्या मनात दुसरंच काही आहे. मला वाटलं, सगळ्यांसमोर तुमचा बेंजो ऐकूच आला नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटलंय. तुम्ही चुकलात असं तुम्हाला वाटतंय, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं!

मला जे दिसलं ते लिहिते. मी मंडपाच्या मागच्या टोकाला होते, पाण्याच्या पिंपाजवळ. पाण्याचं गाणं सुरू झालं. सुरुवातीला तुमचा बेंजो आला, आणि मग अचानक गेला. पार गेला. पेटी ऐकू येत होती, ढोलकी, काकूचा आवाज, फक्त तुम्ही नाही. तुमची बोटं मात्र चालली होती. मान हलत होती. तुम्ही अख्खं गाणं वाजवलंत आणि त्यातलं काही आमच्यापर्यंत आलं नाही, आणि तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. पुढे बसलेली काही पोरं हसायला लागली. मग तुम्ही मान वर केलीत. त्यांच्याकडे पाहिलंत, साऊंडवाल्या दीपककडे पाहिलंत, त्याने हाताने काहीतरी खूण केली, आणि तुम्ही बेंजो खाली ठेवलात. सकाळी पहिल्या गाडीने तुम्ही दादाबरोबर मुंबईला.

मला तेव्हा वाटलं होतं, वायर सुटली असेल. अजूनही तसंच काहीतरी वाटतं. पण मी लांब होते. मी आत्ता "तुम्ही चुकला नव्हता" असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, पोरगी समजूत काढते आहे. तुम्हाला मी ओळखते. म्हणून आत्ता लिहीत नाही. शेजारी कोण बसलं होतं, मशीनवर कोण होतं, सगळ्यांना विचारीन आणि मगच लिहीन. चुकला असाल तर तसंही लिहीन, शपथ.

तोवर नाव न घेण्याची अट मला मान्य नाही. रागवायचं असेल तर कार्ड लिहा, त्यासाठी तरी दोन्ही बाजू भरा.

तुमची,
दर्शना


मु. वाडी, ता. लांजा,
१६ एप्रिल २०२५

ती. आप्पांना,
जय भीम, जय भीम, जय भीम!

जिंकलो! तुमचं कार्ड काही आलं नाही, म्हणजे रागावला असाल. रागवा. हे पत्र वाचून झालं की राग कुठे ठेवला होता ते तुम्हाला आठवणार नाही.

सगळं सविस्तर सांगते. परवा सकाळी, म्हणजे जयंतीच्या दिवशी, मी पेडल उघडलं तर आत कोरा करकरीत नवा सेल. आई म्हणते, "जुना संपत आलेला, मीच बदलला. कार्यक्रमात बंद पडला तर नाक कापलं जाईल." किती कौतुकाने सांगत होती! जुना कुठे टाकलास विचारलं तर म्हणाली, परसात. मग मी पांढऱ्या साडीत केळीच्या बुडाशी वाकून मेलेला सेल शोधते आहे, आणि रस्त्यावरून मिरवणुकीला चाललेली माणसं विचारतायत, काय हरवलं गो? काय सांगणार? सापडला शेवटी, राखेच्या ढिगात. पुसून, रुमालात गुंडाळून कमरेला खोचला आणि बसायच्या आधी पेडलमध्ये घातला.

मिरवणूक झाली, बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. भाषणं नेहमीसारखीच लांबली, त्यामुळे साऊंडची चाचणी घ्यायला दोन मिनिटं मिळाली. दीपक हा लांज्याचाच, तुम्ही ओळखता. यंदा आवाज कमीजास्त करायचा नवीन मिक्सर आणलाय, सरळ काचेवर बोटं फिरवायची. मी पेडल न दाबता साधी गिटार वाजवून दाखवली. तो खूश. "आवाज कसा स्वच्छ येतोय बघा," म्हणाला. आवाज स्वच्छ असण्याचा त्याला फार अभिमान आहे. लांज्यापासून राजापूरपर्यंत त्याचं नाव त्यासाठीच आहे, ते काही खोटं नाही.

दिवेलागणीला आम्ही बसलो. काकू मधे, सानवी उजवीकडे, मी डावीकडे. तुमची जागा रिकामी ठेवली होती, मी माझ्याच जागेवर बसले, तुमच्या डाव्या हाताला. मंडप भरला होता. मुंबईची सगळी माणसं आलेली, कडेला उभी. पहिली दोन गाणी साधी घेतली. लोक ऐकत होते, टाळ्याही पडत होत्या, पण माना खाली मोबाईलमध्ये.

तिसरं पाण्याचं गाणं. मी पाय ठेवला.

आप्पा, एक सूर गेला असेल, फार तर दोन. मंडपातल्या सगळ्या माना वर आल्या. तोच आवाज होता, बॅटरी उतरलेला, कडेला फाटलेला, जसाच्या तसा. माझ्याच हातांवर काटा आला. मी पुढची ओळ घेतली आणि आवाज गेला.

पार गेला. बोटं चालू आहेत, तारा हलतायत, मंडपात काही नाही. मी मान वर करून पाहिलं तर दीपक मिक्सर सोडून स्पीकरकडे पळतोय. त्याने माझी लाईन खाली घेतली होती आणि स्पीकरच्या जाळीला कान लावून ओरडत होता, "फाटला! स्पीकर फाटला!" पुढची पोरं हसायला लागली.

त्या घडीला मला कळलं, तुम्ही तिथे बसून काय पाहिलंत ते. हसणारी तोंडं आणि धावणारा माणूस. मला ऐकू येतं म्हणून मला कळलं की लाईन गेली. तुम्हाला कसं कळणार होतं?

माझा संताप झाला. मी काही बोलणार तेवढ्यात कमळाकाकूने माईक हातात घेतला. तुम्हाला तिचा स्वभाव ठाऊक आहे, चाळीस वर्षांत स्टेजवर गाण्याशिवाय एक शब्द बोलली नाही कधी. ती म्हणाली, "दीपक, मागं ये. तुझा स्पीकर फाटला नाय. तो आवाजच तसा हाय. वर कर तो."

दीपक म्हणाला, "काकू, फाटतोय तो, लोकं मला शिव्या घालतील."

"कोन घालतो बघू. गेल्या वर्षीपन हेच केलान यानं. भावजी बसलेले हितं, आणि यानं त्यांची लाईन खाली घेतलान."

मग मागून, पाण्याच्या पिंपाजवळून, कुणीतरी बाई ओरडली, "आप्पांचा आवाज हाय तो! सोड रे!" मग कडेला उभे असलेले मुंबईकर. मग सगळेच. "सोड! आवाज सोड!" पुढच्या पोरांच्या आया पोरांच्या पाठीत धपाटे घालून ओरडायला लावत होत्या. दीपक पळत परत गेला आणि त्याने काचेवर बोट वर नेलं. नुसतं वर नाही, पार वर.

मग मी काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. तुमची सुरुवात वाजवली, ती दोनदा घेतली, काकू थांबली माझ्यासाठी. मग ती गायली. तिसऱ्या कडव्याला बाया उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या धरल्या, आणि पदरांचं तुम्हाला सांगितलंच होतं पहिल्या पत्रात. गाणं संपल्यावर परत घ्या म्हणाले. परत घेतलं. आई पुढे येऊन माझ्या पायापाशी बसली आणि पेडलकडे बघत होती, आत मेलेला सेल जिवंत आहे का त्याची काळजी! शेवटपर्यंत टिकला बिचारा. शेवटच्या सुराला त्याने अशी खर काढली की विनीतने, तो गणपतीपुळ्याहून खास आला होता, डोक्याला हात लावला.

नाव घेतलं. तुमची अट मोडली. काकूनेच माईकवर सांगितलं, ही चाल रामजीभावजींची. एवढ्या टाळ्या आमच्या गाण्याला पडल्या नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

कार्यक्रम संपल्यावर दीपक माझ्याकडे आला. मान खाली. म्हणाला, "ताई, मला फाटका आवाज म्हंजे बिघाडच वाटतो. गेल्या वर्षी आप्पांचा बेंजो आला आणि मला वाटलं त्यांची अ‍ॅम्प्ली गेली. म्हणून लाईन खाली घेतली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं तेव्हा मी खूण केली, वायर बघा म्हणून." आणि त्याने ती खूण करून दाखवली. तळहात खाली, दोनदा हलवला, खाली पायाकडे. आप्पा, लांबून ती अगदी "बस करा" अशीच दिसते. तुम्ही तीच वाचलीत. तो वायर बघा म्हणत होता आणि तुम्ही थांबा समजलात. तो रडला हो. म्हणाला, आप्पांना माझ्यामुळं असं वाटलं असेल हे मला कुणी सांगितलंच नाही. खरं आहे, कोणीच कोणाला काही सांगितलं नव्हतं.

मग मी काकूला विचारलं. ती तुमच्या शेजारी बसली होती, तुमच्या कोपराला तिचं कोपर लागत होतं. मी म्हटलं, काकू, खरं सांग, त्या दिवशी आप्पा कुठे चुकले? ती माझ्यावरच खेकसली. "चुकले? अगो, लाईन बंद, पण तारा माज्या कानाशी वाजत होत्या ना! मी सूर कुनाचा धरला असेल? पेटीचा नाय, त्यांचाच. अख्खं गाणं त्यांच्या बेंजोवर गायले मी. एक सूर इकडचा तिकडं नव्हता."

वाचलंत? नीट वाचा, चष्मा पुसून परत वाचा. तुम्हाला स्वतःला ऐकू येत नव्हतं, मंडपाला ऐकू येत नव्हतं, आणि तरी तुम्ही अख्खं गाणं सुरात वाजवलंत, इतकं सुरात की गाणारीने त्याच्यावर गाणं तोललं. बोटांनी दगा दिला नाही. तुम्ही वाडीसमोर चुकला नाहीत. मी शपथ घेतली होती, चुकला असाल तर तसं लिहीन. नाही चुकलात. मला तुमचा इतका अभिमान वाटतो आहे की हे अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या.

बुद्धपौर्णिमेला परत कार्यक्रम आहे. लोकांनी तिथल्या तिथे ठरवला. तुमचा बेंजो आईच्या खाटेखाली होता. मी बाहेर काढला, तारा बदलल्या, बटणांना तेल दिलं. सूर मी लावून देईन, तेवढंच मला करू द्या. पुढचं तुमच्या बोटांना ठाऊक आहे. ऐकू येत नाही म्हणून येणार नाही, हे कारण आता चालणार नाही. काकू म्हणते, मी कोपर लावून बसते, चुकले तर ढोसते. पेडलला दोघांची वायर जोडायची सोय विनीत करून देतो आहे, म्हणजे तुम्ही आणि मी एकाच उतरलेल्या सेलवर वाजवू. आईला मी सेलांच्या डब्याला हात लावायला बंदी घातली आहे.

आणि एक. दीपक मिक्सरच्या कडेला कागदी पट्टी चिकटवतो, कुठली लाईन कोणाची ते कळायला. कमळाकाकू, ढोलकी, पेटी, गिटार, असं. काल तो सामान न्यायला आला तेव्हा मी पाहिलं, गिटारच्या शेजारी त्याने नवीन पट्टी लावली आहे आणि त्यावर पेनाने "आप्पा" लिहिलंय. मी विचारलं, ही कधीची? म्हणाला, "असू दे ताई. ही लाईन आता कुनी खाली घेणार नाय."

दादाला सांगून तिकीट काढा. मी लांज्याच्या स्टँडवर येते.

तुमच्या डाव्या हाताला बसणारी,
दर्शना